आधी यादी पाहावी

१९९७ साली धुळे-जळगाव रस्त्यावरच्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाची निवडणूक झाली. मी उभा राहिलो आणि निवडून आलो. वय अठ्ठावीस होते. आमच्या पॅनेलला १९ मतांची आघाडी मिळाली आणि गुलाल उधळला गेला. त्या गुलालामागची गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. सभासद नोंदणीच्या शेवटच्या दोन दिवसांत ४२ नवे सभासद झाले होते आणि त्या सगळ्यांची वर्गणी एकाच खिशातून भरली गेली होती. खिसा माझ्या मित्राचा होता आणि मला ते माहीत होते. मतदानाच्या दिवशी हे सभासद टेम्पोतून आले, मत देऊन, चहा पिऊन गेले. पुढच्या तीन वर्षांत त्यांच्यापैकी एकानेही एक पुस्तक घरी नेले नाही. देवघेवीची वही माझ्याच ताब्यात होती, म्हणून हे खात्रीने सांगतो.

आज हे आठवण्याचे कारण असे की, अठ्ठावीस वर्षांनी मी पुन्हा एका निवडणुकीत उभा आहे. मराठीत इंटरनेटवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची एक नोंदणीकृत, ना-नफा संस्था आहे. तिच्या अध्यक्षपदासाठी मी अर्ज भरला आहे. संस्थेचे नाव इथे लिहीत नाही. मतदान दिवाळीनंतर आहे आणि दिवाळी अंकाचे प्रचारपत्रक करणे बरे नव्हे. पण अर्ज भरण्याआधी मी वर्षभर एका प्रश्नामागे लागलो होतो. इंटरनेट सांभाळणाऱ्या जगातल्या स्वयंसेवी संस्थांत नेतृत्व कसे निवडले जाते? त्यातून हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

माझे शिक्षण बारावी. धुळ्यात मी बावीस वर्षे डीटीपीचे दुकान चालवले. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, क्वचित एखादा कवितासंग्रह. इतिहासाचे वेड लागले ते धुळ्याच्याच राजवाडे संशोधन मंडळामुळे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. पुढे ते धुळ्यात येऊन राहिले. १९२६ च्या अखेरीस ते गेले आणि १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने मंडळ उभे राहिले. कागद जपायचे तर माणूस पुरत नाही, संस्था लागते, हे मी तिथे शिकलो. संस्था म्हटली की निवडणूक आलीच.

अध्यक्षाच्या हाती असते तरी काय?

ओळखीचे लोक विचारतात, इंटरनेटची कसली संस्था आणि तिची कसली निवडणूक? तारा कंपन्यांच्या, फोन आपला, पैसे रिचार्जला. पण या जाळ्याचे काही भाग कोणत्याही कंपनीचे किंवा सरकारचे नाहीत. ते ना-नफा संस्थांकडे आहेत. पत्त्यांची व्यवस्था पाहते ती आयकॅन ही संस्था १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. विकिपीडिया चालवणारे विकिमीडिया फाउंडेशन २००३ मध्ये फ्लोरिडात नोंदले गेले. त्यांच्याही आधीची, १९९२ ची, इंटरनेट सोसायटी. इंटरनेटचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते व्हिंट सर्फ तिचे पहिले अध्यक्ष.

या संस्थांच्या विश्वस्तांच्या हाती काय असते, ते २०१९ मध्ये दिसले. जगातल्या सेवाभावी संस्था आपल्या संकेतस्थळाच्या नावाला 'डॉट ऑर्ग' हे शेपूट लावतात. आपल्याकडच्या कितीतरी ट्रस्टांचे आणि मंडळांचे पत्ते तसेच आहेत. अशी सुमारे एक कोटी नावे जी संस्था सांभाळते ती इंटरनेट सोसायटीच्या छत्राखाली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सोसायटीने जाहीर केले की, ती एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकत आहोत. किंमत ११३.५ कोटी डॉलर. निर्णय विश्वस्तांनी घेतला. सोसायटीचे व्यक्तिगत सभासद जगभर हजारोंनी आहेत, पण विश्वस्तांच्या निवडीत त्यांना थेट मत नाही. शाखा, सभासद कंपन्या-संस्था आणि तांत्रिक मानके ठरवणारे अभियंत्यांचे मंडळ अशा तीन वाटांनी विश्वस्त येतात. सेवाभावी संस्थांनी जगभरातून विरोध केला आणि अखेर ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. व्यवहार बारगळला.

गावातल्या मंडळाने भर बाजारातली जागा विकायला काढली आणि सभासदांना ते पेपरात वाचून कळले, असा प्रसंग आपण पाहिलेला असतो. हा तोच प्रकार, फक्त जागा एक कोटी पत्त्यांची.

सभासद कोणाला म्हणायचे?

आपल्याकडे वाचनालय, व्यायामशाळा, साहित्य मंडळ नोंदवायचे तर दोन कायदे भेटतात. एक १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. निवडणूक झाली, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. वर्षानुवर्षे तो अर्ज मंजूर होत नाही आणि जुने-नवे दोन्ही अध्यक्ष स्वतःला अध्यक्ष म्हणवतात, हे सोडून द्या. महत्त्वाचे कलम १८६० च्या कायद्यात आहे, पंधरावे. नियमाप्रमाणे दाखल झालेला आणि वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला, तो सभासद. आणि वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली तर त्याला मत नाही, सभासद म्हणून त्याची गणतीही नाही.

हे कलम इंग्रज सरकारने केले असले तरी त्यात एक सरळ न्याय आहे. संस्था सभासदांची आणि सभासद यादीवरून ठरणार. म्हणूनच आपल्याकडची सगळी लबाडीही यादीतच होते. १९९७ साली मी मतपेटीला हात लावला नव्हता. यादीलाच लावला होता.

इंटरनेटच्या मोठ्या संस्थांकडे वळल्यावर मला पहिला धक्का बसला तो इथे. विकिमीडिया फाउंडेशनला कायद्याच्या अर्थाने सभासदच नाहीत. लाखो लोक तिथे लिहितात, त्यांपैकी हजारो मत देतात. पण ते मत म्हणजे विश्वस्त मंडळाकडे केलेली शिफारस. नेमणूक करते ते मंडळच. आयकॅननेही आपल्या घटनेत लिहून ठेवले आहे की, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ज्याला सभासद म्हणतात तसे आपल्याला कोणी नाहीत. थोडक्यात, मतदार आहेत पण मालक नाहीत. हा फरक वाचताना बारीक वाटतो. भांडण लागले की तोच सगळे ठरवतो. त्याची दोन उदाहरणे पाहू.

टपालाने आलेले मत

पहिले उदाहरण २००० सालचे. आयकॅनच्या १९ जणांच्या मंडळात पाच संचालक जगभरच्या सामान्य इंटरनेट वापरणाऱ्यांनी निवडावेत असे ठरले. जगाचे पाच विभाग, प्रत्येकी एक जागा. वय १६ पूर्ण, ईमेल आणि टपालाचा पत्ता, एवढीच अट. नोंदणी संगणकावर करायची. मग टपालाने एक पाकीट येणार, त्यातला गुप्त क्रमांक पुन्हा संगणकावर भरायचा, तेव्हा मत पक्के. जगभराच्या इंटरनेटची निवडणूक शेवटी पोस्टमनच्या पिशवीवर येऊन टेकली होती. सुमारे १ लाख ५८ हजार लोकांनी नाव नोंदवले. पाकिटातला क्रमांक भरून मत पक्के केले सुमारे ७६ हजारांनी. ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष मत दिले ३४,०३५ जणांनी.

विभागवार आकडे अधिक बोलके आहेत. आशिया-पॅसिफिक १७,७४५, युरोप ११,३०९, उत्तर अमेरिका ३,४४९, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन १,४०२, आणि सबंध आफ्रिका खंडातून १३०. आफ्रिकेची जागा घानाच्या नी क्वेनॉर यांना मिळाली. ते त्या खंडात इंटरनेट रुजवणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे निवड योग्यच. पण १३० मते म्हणजे आमच्या वाचनालयाच्या निवडणुकीहूनही कमी. आशियात उलटा प्रकार. जपान आणि चीनमध्ये नाव नोंदवण्याची मोहीमच चालली. आपल्या देशाचा माणूस जावा ही ईर्ष्या लागली. फुजित्सू या जपानी कंपनीतले मासानोबू कातो निवडून आले. हे आकडे वाचताना मला आमचा टेम्पो आठवला. खरे तर तुलना पूर्ण जुळत नाही. त्या लोकांची वर्गणी कोणी भरली नव्हती, वर्गणी नव्हतीच. पण जो यादी भरतो तो निवडणूक जिंकतो, हा नियम मात्र तोच.

युरोपातून जर्मनीतल्या संगणक-उपद्व्यापी तरुणांच्या क्लबाचा प्रवक्ता आंडी म्युलर-मागून आणि उत्तर अमेरिकेतून आयकॅनचे कडवे टीकाकार कार्ल ऑरबाख निवडून आले. ऑरबाख यांनी संचालक म्हणून संस्थेचे दप्तर पाहायला मागितले. त्यांच्यापुढे अटी ठेवण्यात आल्या. त्यांनी त्या मानल्या नाहीत आणि ते न्यायालयात गेले. जुलै २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निवडून आलेल्या संचालकाला आपल्याच संस्थेच्या वह्या पाहण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली! महाराष्ट्रात कोणत्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

त्याच वर्षी आयकॅनने घटना बदलली आणि थेट निवडणूक बंद केली. पुन्हा ती झालेली नाही. मतदारांना कायद्याने सभासदत्व नव्हते, त्यामुळे त्यांचे मत काढून घेताना त्यांना विचारण्याचे बंधन कोणावर नव्हते.

पसंतीक्रम आणि बडतर्फी

दुसरे उदाहरण विकिमीडियाचे. २००४ मध्ये तिथे विश्वस्तांसाठी पहिली निवडणूक झाली. निवडून आलेल्या दोघी स्त्रिया होत्या आणि दोघीही स्वयंसेवक: इंग्लंडच्या अँजेला बीझली आणि फ्रान्सच्या फ्लोरेन्स देवूआर. देवूआर या शेतकी शास्त्र शिकलेल्या. घरी बसून विकिपीडियात लिहिणारी ही बाई २००६ च्या ऑक्टोबरात संस्थापक जिमी वेल्स यांच्यानंतर मंडळाची अध्यक्ष झाली आणि २००८ पर्यंत राहिली. कापूस आणि केळीच्या मुलखातल्या मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटले. कामातून यादीत, यादीतून मंडळात, मंडळातून अध्यक्षपदी, असा सरळ जिना तिथे एकेकाळी होता.

पण त्याच जिन्यावरून खालीही ढकलता येते. २०१५ मध्ये कॅनडातले डॉक्टर जेम्स हेल्मन स्वयंसेवकांच्या मतांनी विश्वस्त झाले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला उरलेल्या विश्वस्तांनी बहुमताने त्यांना काढून टाकले. मंडळात कारभाराच्या पारदर्शकतेवरून मतभेद होते. स्वयंसेवकांत मोठा गदारोळ झाला. दोन महिन्यांत कार्यकारी संचालकांनीही राजीनामा दिला. तरी हेल्मन यांची खुर्ची परत मिळाली नाही, कारण मतदारांकडे ती परत देण्याचा अधिकार नव्हता. त्यांना एकच गोष्ट करता आली. २०१७ च्या निवडणुकीत हेल्मन पुन्हा उभे राहिले आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

२०२१ च्या निवडणुकीत मी स्वतः मतदार होतो. तिथे वर्गणी नाही. श्रमाची अट आहे. ५ जुलै २०२१ पूर्वी किमान ३०० संपादने आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत किमान २०. माझी संपादने मराठी विकिस्रोतावरची. विकिस्रोत म्हणजे हक्कमुक्त झालेल्या पुस्तकांचे ग्रंथालय. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे पुस्तक मुक्त होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचे साहित्य सर्वांचे. अमळनेरला शिकवलेल्या आणि धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरवून घेतलेल्या माणसाची पाने एकेक करून तपासायची, हे माझे संध्याकाळचे काम. टेम्पोतून आणलेल्या माणसाला ३०० संपादने करता येत नाहीत. हा नियम मला म्हणूनच आवडला. पण ज्याच्या गावात वीज आठ तास जाते, ज्याच्या भाषेचा टंक फोनवर नीट उमटत नाही, त्याची ३०० संपादने आणि बर्लिनमधल्या माणसाची ३०० यांची मेहनत एक नव्हे, हेही खरे.

त्या वर्षी मतदान पसंतीक्रमाने झाले. आपल्या वाचकांना ही पद्धत ठाऊक आहे. नाशिक पदवीधर मतदारसंघात, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारसह पाच जिल्ह्यांत, विधान परिषदेसाठी असेच १, २, ३ लिहून मत देतात. तिथली यादीही दर निवडणुकीला नव्याने करतात. पदवीधराने पुन्हा अर्ज भरला नाही तर त्याचे नाव नाही. मी पदवीधर नसल्याने ते मत मला कधी मिळाले नाही. आयुष्यातले पहिले पसंतीचे मत मी दिले ते विकिमीडियाच्या विश्वस्तांसाठी, जळगावच्या माझ्या खोलीत बसून. जगभरात ६,८७३ जणांनी मत दिले. मताचा हक्क असलेल्यांपैकी जेमतेम दहा टक्के. चार जागा भरल्या. त्या चौघांत आशियातले कोणी नव्हते.

आपल्या देशातला प्रयोग

मग आपली स्वतःची संस्था असावी, हा विचार भारतात झालाच होता. ३ जानेवारी २०११ रोजी बंगळुरूत 'विकिमीडिया इंडिया' ही संस्था नोंदली गेली. विकिपीडियाचे भारतातले स्वयंसेवक तिचे सभासद आणि कार्यकारिणी त्यांनी निवडलेली. त्याच नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात देशातल्या विकिपीडियाकारांची पहिली मोठी परिषद भरली. आता दिवस पालटले असे वाटले. पण संस्थेला परदेशातून निधी घ्यायचा तर वेगळी सरकारी परवानगी लागते आणि मातृसंस्थेची मान्यता टिकवायची तर तिच्या अटी पाळाव्या लागतात. या दोन्हींच्या कात्रीत ती सापडली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये फाउंडेशनने तिची मान्यता काढून घेतली. इथे सभासद कायद्याने होते, निवडणूक कायद्याने होती, पण नाव आणि पैसा दुसऱ्याच्या हाती होता. वरच्या दोन उदाहरणांची ही उलटी बाजू.

या सगळ्यातून मी माझ्यापुरता एक धडा घेतला. अशा संस्थेत नेतृत्व मागायला जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: यादी कोणी केली, यादीतल्या माणसाला कायद्याने काय हक्क आहे आणि यादीबाहेर कोण राहिले. जाहीरनामा त्यानंतर लिहावा.

खानदेशाच्या वाट्याला

जनगणनेप्रमाणे २०११ मध्ये मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तरीही लिहिणारे नेहमीचे हात मोजके आणि त्यात खानदेशातले आणखी मोजके. अहिराणीचे तर पुढचेच. भाषांच्या जागतिक सूचीत तिला ए-एच-आर असा स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे. नव्या भाषेचा विकिपीडिया मागायला हा संकेत लागतो, तो आहे. त्यापुढची अट अशी की काही माणसांनी महिनोन्महिने चाचणी-विकीवर त्या भाषेत लिहीत राहिले पाहिजे. ते कोणत्याही अध्यक्षाच्या सहीने होत नाही.

मी ज्या संस्थेच्या निवडणुकीत उभा आहे तिची यादी मागवून घेतली. १६८ सभासद. जळगाव जिल्ह्यातले ४, धुळ्यातले २, नंदुरबारचे कोणी नाही. सहापैकी दोघांची वर्गणी थकलेली. माझ्यासमोरचे उमेदवार पुण्याचे आहेत, सज्जन आहेत, आणि यादीतला निम्मा भाग त्यांच्या शहरातला आहे.

अर्ज भरल्याची बातमी लागली तसा १९९७ चा माझा तो मित्र फोनवर आला. आता त्याचे ठिबकच्या साहित्याचे मोठे दुकान आहे. त्याने इकडचे-तिकडचे काही विचारले नाही. म्हणाला, "भाऊ, कितल्या पावत्या फाडन्या?"

नोंदणीला अजून तीन आठवडे होते. साठ पावत्या फाडल्या असत्या तर मी निवडून आलो असतो आणि घटनेच्या एकाही कलमाचा भंग झाला नसता. मी त्याला नको म्हटले. त्याला ते पटले नाही, आणि खरे सांगायचे तर फोन ठेवल्यावर थोडा वेळ मलाही पटले नाही. मग मी त्याला उलट फोन करून विचारले की, तू स्वतः सभासद होशील का? तुझ्या आईच्या तोंडी ज्या अहिराणी ओव्या आहेत, त्या ध्वनिमुद्रित करून देशील का? तो हसला. पण पुढच्या रविवारी त्याने आईला गाडीत बसवून आणले. आम्ही दीड तास मुद्रण केले. सभासद तो अजून झालेला नाही.

थकबाकी असलेल्या दोघांनाही मी फोन केला. वर्गणी तुम्हीच भरा, मी भरणार नाही, असेही सांगितले. एकाने भरली. यादी पुन्हा चाळताना आणखी एक थकलेले नाव नजरेतून सुटले होते ते सापडले. ते माझेच होते. जुलैत मुदत संपली होती. आणखी काही दिवस गेले असते तर पंधराव्या कलमाने उमेदवाराचेच मत गेले असते. सोमवारी सकाळी वर्गणी भरली आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवली.